पुनरुत्थान आणि देह: ख्रिस्ती श्रद्धेचा गाभा

येशू क्रूसावर मेला, त्याला कबरेत ठेवले आणि तिसऱ्या दिवशी देवाने त्याला मेलेल्यांतून उठवले, हे ख्रिस्ती धर्माचे सर्वांत जुने विधान आहे आणि पचायला सर्वांत अवघडही. नाताळचा गाजावाजा मोठा असला तरी चार शुभवर्तमानांपैकी मार्क आणि योहान यांच्यात येशूच्या जन्माची कथाच नाही. पुनरुत्थानाची वार्ता मात्र चारही ठिकाणी आहे, आणि ग्रंथाचा सारा ओघ तिच्याकडेच जातो. पापांची क्षमा, बाप्तिस्मा, रविवारची उपासना, मृतांबद्दलची आशा, या साऱ्यांचा आधार शेवटी त्या एका पहाटेपाशी जाऊन टेकतो.

देह नाशवंत आणि आत्मा अमर ही कल्पना भारतीय मनात इतकी मुरलेली आहे, की पुनरुत्थान म्हणजे तिचीच ख्रिस्ती आवृत्ती असावी असे सहज वाटते. गीतेत आत्मा जुने वस्त्र टाकून नवे घेतो. ख्रिस्ती मतानुसार मात्र माणूस म्हणजे देह आणि आत्मा मिळून. तेव्हा सुटका व्हायची तर दोघांची. पुनर्जन्माशीही या शिकवणीचा संबंध नाही, कारण इथे दुसऱ्या कोणाच्या रूपाने परत येणे नसते. तीच व्यक्ती, तिच्या नावासकट आणि आयुष्यासकट, देवापुढे उभी राहते. तिसरा घोळ खुद्द बायबल वाचणाऱ्यांचाही होतो. येशूने लाजाराला चार दिवसांनी कबरेतून बाहेर बोलावले, याइराच्या मुलीला आणि नाईन गावच्या विधवेच्या मुलाला उठवले. ही तिघे आपल्या जुन्याच आयुष्यात परतली आणि पुढे केव्हातरी पुन्हा मेलीच असणार. येशूचे उठणे या जातीचे नाही. तो मरणातून मागे फिरला नाही, मरण ओलांडून पुढे गेला, आणि आता मरणाची त्याच्यावर सत्ता उरलेली नाही, असे ही शिकवण सांगते.

यहुदी धर्मात पुनरुत्थानाची कल्पना उशिरा रुजली. जुन्या हिब्रू लेखनात मेलेली माणसे शिओल नावाच्या अंधाऱ्या अधोलोकात जातात. तिथे ना सुख, ना दुःख, ना देवाची स्तुती. इसवी सनापूर्वी सहाव्या शतकात, बाबेलच्या बंदिवासात, यहेज्केल संदेष्ट्याने वाळलेल्या हाडांनी भरलेल्या खोऱ्याचे दर्शन लिहिले: हाडाला हाड जुळते, त्यावर स्नायू आणि मांस चढते, कातडी येते आणि वारा त्यांत श्वास भरतो. त्या दर्शनाचा मूळ अर्थ उद्ध्वस्त झालेले इस्राएल राष्ट्र पुन्हा उभे राहील एवढाच होता. एकेका माणसाच्या उठण्याचा स्पष्ट उल्लेख दानीएलाच्या पुस्तकात येतो, आणि त्याचा काळ बोलका आहे. इ.स.पू. १६७ च्या सुमारास अंतियुख एपिफानेस या राजाने यरुशलेमच्या मंदिराची विटंबना केली आणि नियमशास्त्र पाळणाऱ्यांना ठार मारले. देवाशी इमान राखले म्हणूनच ज्यांचा जीव गेला, त्यांना न्याय कुठे मिळणार? मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकात राजापुढे छळ सोसणाऱ्या सात भावांची कथा आहे. त्यांतला तिसरा भाऊ तोडण्यासाठी आपले हात स्वतःच पुढे करतो आणि सांगतो, की हे देवाने दिले होते, त्याच्याकडूनच ते परत मिळतील. पुनरुत्थानाची आशा अशी न्यायाच्या मागणीतून वर आली आहे. मरणाची भीती घालवण्यासाठी शोधलेली समजूत, हे तिचे नेहमीचे वर्णन इतिहासाला धरून नाही.

येशूच्या काळी या प्रश्नावर यहुदी समाजात दोन तट होते. परूशी पुनरुत्थान मानत. मंदिराच्या पुरोहितवर्गाशी जोडलेले सदूकी मानत नसत. एकामागून एक सात भावांशी लग्न झालेली बाई पुनरुत्थानानंतर कोणाची बायको, हा सदूकींचा खोचक प्रश्न मार्कच्या शुभवर्तमानात आहे, आणि तिथे येशू पुनरुत्थानाच्या बाजूने उत्तर देतो. मृतांना जिवंत करणाऱ्या देवाची स्तुती यहुद्यांच्या रोजच्या मुख्य प्रार्थनेत आजही म्हटली जाते. म्हणजे शिष्यांनी ही कल्पना नव्याने काढली नाही. त्यांच्या सांगण्यातला धक्का वेगळाच होता. युगाच्या शेवटी सर्व मृत एकदम उठतील, अशी परूशींची अपेक्षा. शिष्य म्हणू लागले, की एक जण आधीच उठला आहे आणि जग मात्र पूर्वीसारखेच चालू आहे. शेवट मध्येच सुरू झाला होता. ख्रिस्ती विचाराची पुढची जवळजवळ सगळी मांडणी या विचित्र वेळापत्रकातून निघाली आहे.

या दाव्याचा सर्वांत जुना लेखी पुरावा शुभवर्तमानांच्याही आधीचा आहे. इ.स. ५४ च्या आसपास पौलाने इफिस शहरातून करिंथच्या मंडळीला पत्र लिहिले. त्याच्या पंधराव्या अध्यायात तो एक ठरीव सूत्र सांगतो: ख्रिस्त आपल्या पापांसाठी मेला, पुरला गेला, तिसऱ्या दिवशी उठवला गेला, आणि केफाला म्हणजे पेत्राला व नंतर बारा शिष्यांना दिसला. त्याला जोडून पुढची यादी येते: एकाच वेळी पाचशेहून अधिक बांधव, मग याकोब, सर्व प्रेषित आणि शेवटी खुद्द पौल, जो तोवर या पंथाचा छळ करत होता. हे सूत्र आपण रचलेले नाही, आपल्याला इतरांकडून मिळाले, असे तो म्हणतो. येशूला क्रूसावर दिले ते बहुधा ३० किंवा ३३ साली. तेव्हा हे शब्द घटनेनंतर थोड्याच वर्षांत ठरले असावेत, हे श्रद्धा न ठेवणारे अनेक अभ्यासकही मान्य करतात. पाचशेंपैकी बहुतेक अजून हयात आहेत, असेही पौल जाता जाता लिहितो. शंका असेल त्याने जाऊन विचारावे, असाच त्याचा रोख दिसतो.

शुभवर्तमाने त्यानंतरची, साधारण ७० ते १०० या काळातली, आणि त्यांच्यात कथा एकसारखी नाही. कबरेपाशी किती स्त्रिया गेल्या, आत एक तरुण दिसला की दोन देवदूत, येशू शिष्यांना गालीलात भेटला की यरुशलेमात, यांचा मेळ बसत नाही. मार्कच्या सर्वांत जुन्या संपूर्ण हस्तलिखितांत, म्हणजे चौथ्या शतकातील सिनाई आणि व्हॅटिकन पोथ्यांत, पुस्तक सोळाव्या अध्यायाच्या आठव्या वचनापाशीच थांबते: स्त्रिया थरथरत कबरेपासून पळतात आणि भीतीमुळे कोणाला काही सांगत नाहीत. पुढची बारा वचने नंतर कोणीतरी जोडली. असा तुटक शेवट वाचकांना सोसला नसावा. संगनमताने दिलेली साक्ष इतकी खडबडीत नसते, असे श्रद्धावान म्हणतात; कथा वाढत गेली त्याच्याच या खुणा, असे टीकाकार म्हणतात.

दोन गोष्टी मात्र चौघांतही सारख्या आहेत. कबर रिकामी आढळली ती स्त्रियांना, आणि त्यांत मग्दालीया मरीया प्रत्येक ठिकाणी आहे. त्या काळी स्त्रीच्या साक्षीला वजन नसे. यहुदी इतिहासकार योसेफस तसे स्पष्ट लिहितो, आणि दुसऱ्या शतकातला टीकाकार सेल्सस एका भ्रमिष्ट बाईच्या सांगण्यावर हा धर्म उभा आहे अशी खिल्ली उडवतो. कथा बनवायचीच तर असे साक्षीदार कोणी निवडले नसते, हा युक्तिवाद आजवर टिकून आहे. दुसरी समान गोष्ट अशी, की प्रत्यक्ष उठण्याचा क्षण कोणीच वर्णन करत नाही. ती उणीव १८८६-८७ च्या हिवाळ्यात इजिप्तमधील अखमीम येथे सापडलेल्या, चर्चने न स्वीकारलेल्या ‘पेत्राच्या शुभवर्तमाना’ने भरून काढली आहे: त्यात आभाळाच्याही वर डोके गेलेला येशू कबरेतून बाहेर येतो, त्याच्या मागून क्रूस चालत येतो आणि बोलतोही. हा ग्रंथ बाजूला पडला हे बरेच झाले.

स्वीकारलेल्या ग्रंथांतली दृश्ये त्यापुढे अगदी घरगुती वाटतात. योहानाच्या कथेत तागाची वस्त्रे पडलेली आहेत आणि तोंडावरचा रुमाल वेगळा गुंडाळून ठेवला आहे. मरीयेला समोरचा माणूस माळी वाटतो. तो नावाने हाक मारतो तेव्हा तिला ओळख पटते. लूकच्या कथेत येशू काही खायला आहे का असे विचारतो आणि भाजलेल्या माशाचा तुकडा शिष्यांच्या डोळ्यांदेखत खातो. भूत जेवत नाही, हा त्यातला मुद्दा. पण हा देह जुन्यासारखाही नाही. बंद दारांच्या आत तो अचानक उभा राहतो. अम्माऊसच्या वाटेवर दोन शिष्य त्याच्याशी बोलत चालतात, तरी भाकर मोडली जाईपर्यंत त्यांना तो कोण हे कळत नाही. आणि खिळ्यांच्या जखमा गेलेल्या नाहीत. संशय घेणाऱ्या थोमाला त्याच दाखवल्या जातात.

अर्थाच्या दृष्टीने या जखमांना फार महत्त्व आहे. रोमन साम्राज्यात क्रूस ही गुलामांची आणि बंडखोरांची शिक्षा होती, आणि यहुदी नियमशास्त्रात लाकडावर टांगलेला माणूस देवाने शापिलेला मानला जाई. धर्मसभेने ज्याला देवनिंदक ठरवले आणि रोमच्या सुभेदाराने ज्याला मारले, त्यालाच देवाने उठवले. म्हणजे वरच्या न्यायालयाने खालचा निकाल फिरवला. ज्याच्यावर जकातदारांच्या आणि पाप्यांच्या पंक्तीला बसण्याचा ठपका होता, ज्याने स्वतःच्या अधिकारात लोकांना क्षमा केली, त्याचे वागणे हेच देवाचे वागणे ठरले. पहिल्या ख्रिस्ती लोकांनी येशूला ‘प्रभू’ म्हणायला सुरुवात केली ती याच जोरावर, आणि ही पदवी कैसराच्या पदव्यांपैकीही एक असल्याने तिला राजकीय धार होती.

दुसरा अर्थ पापक्षमेचा. ख्रिस्त उठला नसेल तर तुम्ही अजून पापातच आहात, असे पौल करिंथकरांना बजावतो. क्रूसावरचा मृत्यू एकटा घेतला तर तो एका सज्जनाचा अन्यायाने झालेला वध आहे. तो माणसांच्या तारणासाठी झाला आणि देवाने तो स्वीकारला, हे पुनरुत्थानाने कळते. पश्चिमेकडील चर्चने, विशेषतः अकराव्या शतकाच्या शेवटी कँटरबरीच्या अँसेल्मने पापाच्या भरपाईचा सिद्धांत मांडल्यापासून, सारा भर क्रूसावर दिला आणि पुनरुत्थान पुष्कळदा पुरवणीसारखे मागे राहिले. पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स चर्चने तसे होऊ दिले नाही. तिथे ख्रिस्ताचे मुख्य कार्य म्हणजे मृत्यूचा पराभव. कॉन्स्टँटिनोपल म्हणजे आजच्या इस्तंबूलमधील खोरा चर्चमध्ये १३१५ ते १३२१ या काळात काढलेले भित्तिचित्र त्याची साक्ष देते. त्यात येशू एकटा कबरेतून वर येत नाही. तो अधोलोकाची दारे पायाखाली तुडवतो आणि आदाम आणि हव्वा यांना मनगटांना धरून त्यांच्या शवपेट्यांतून ओढून काढतो. पायाखाली कुलपे, कड्या, किल्ल्या विखुरल्या आहेत.

उठणे एकट्याचे नाही, हा धागा पौलाचाच. तो ख्रिस्ताला मृतांतले प्रथमफळ म्हणतो. वल्हांडणाच्या दिवसांत हंगामाची पहिली पेंढी मंदिरात आणून देवापुढे ओवाळली जाई. ती आली म्हणजे मागचे पीक येणारच. श्रद्धावानाचा या घटनेत प्रवेश होतो तो बाप्तिस्म्यातून. पाण्याखाली जाणे म्हणजे ख्रिस्ताबरोबर पुरले जाणे, वर येणे म्हणजे नव्या जीवनात उठणे, असा अर्थ रोमकरांना लिहिलेल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात येतो. सीरियातील दुरा-युरोपोस येथे तिसऱ्या शतकातले, घरातच केलेले एक प्रार्थनास्थळ उत्खननात सापडले आहे. त्यातील बाप्तिस्म्याच्या खोलीत भिंतीवर स्त्रियांची रांग रंगवलेली आहे. कबरेकडे निघालेल्या स्त्रिया त्या याच, असे बहुतेक अभ्यासक मानतात. पाण्याच्या हौदाशेजारीच कबरेचे चित्र हवे होते.

करिंथच्या मंडळीत पुनरुत्थानावरून वादळ उठले होते, पण ते येशूच्या उठण्यावरून नव्हते. ख्रिस्त उठला हे तिथल्या लोकांना मान्य असावे. मेलेली सामान्य माणसे देहाने उठणार, हे त्यांतल्या काहींना पटत नव्हते. ग्रीक सुशिक्षिताला आत्म्याचे अमरत्व उदात्त वाटे आणि प्रेताचे उठणे ओंगळ. अथेन्सला अरीयपगावर पौलाचे भाषण लोकांनी नीट ऐकून घेतले, आणि पुनरुत्थानाचा शब्द निघताच काही जण हसले, असे प्रेषितांच्या कृत्यांत नोंदले आहे. करिंथकरांना पौलाचे उत्तर दुहेरी आहे. मृत उठत नाहीत तर ख्रिस्तही उठला नाही, आणि मग आपला उपदेश फुकट, विश्वासही फुकट. दोन्ही उठणी एकमेकांवर टेकलेली आहेत. कोणत्या देहाने उठणार, या प्रश्नाला तो पेरणीचा दृष्टांत देतो. पेरला जातो तो नुसता दाणा, वर येते ते रोप; दोन्ही एकच आणि तरी केवढा फरक. नाशवंत पेरले जाते, अविनाशी उठते. उठलेल्या देहाला तो ‘आध्यात्मिक देह’ म्हणतो. त्याचा अर्थ हवेचा, धुरकट देह असा नाही. देवाच्या आत्म्याने पूर्ण भरलेला देह, असा आहे.

हा वाद तत्त्वज्ञानापुरता नव्हता. त्याच पत्रात पौल प्रभुभोजनाच्या वेळी श्रीमंत आधी जेवून घेतात आणि गरीब उपाशी राहतात म्हणून संतापतो, वेश्यागमनावरून झाडतो आणि देह हे पवित्र आत्म्याचे मंदिर आहे असे सुनावतो. देह टाकाऊ असेल तर त्याचे काहीही केले तरी चालते, स्वतःच्या आणि दुसऱ्याच्याही. देह उठणार असेल तर त्याची भूक, त्याची लाज, त्याचे दुखणे यांना देवाच्या हिशेबात जागा मिळते. म्हणूनच पुढच्या दोन शतकांत देह हा आत्म्याचा तुरुंग मानणाऱ्या ज्ञानवादी पंथांशी चर्चचा झगडा झाला, आणि प्रेषितांच्या मतांगिकारात नुसते पुनरुत्थान न म्हणता देहाचे पुनरुत्थान असा उल्लेख आला.

विरोधकांनाही या शिकवणीचे वजन कळले होते. इ.स. १७७ मध्ये गॉल प्रांतातील लियों येथे ख्रिस्ती लोकांचा छळ झाला. तिथल्या मंडळीचे पत्र इतिहासकार युसेबियसने जपून ठेवले आहे. त्यानुसार हुतात्म्यांची प्रेते सहा दिवस उघड्यावर टाकली, मग जाळली आणि राख रोन नदीत लोटली, ती अशासाठी की यांना पुन्हा उठण्याची आशाच उरू नये. ख्रिस्ती लेखकांचे उत्तर ठाम होते: ज्याने शून्यातून निर्माण केले त्याला राखेतून घडवणे जड नाही. तरीही प्रश्न संपले नाहीत. ऑगस्टीनने ‘ईश्वराचे नगर’ या ग्रंथाच्या बाविसाव्या खंडात ते शांतपणे घेतले आहेत. आयुष्यभर कापलेली नखे आणि केस परत येणार का? तान्ही मुले तान्हीच उठणार का? नरभक्षकाने खाल्लेले मांस कोणाच्या वाट्याला? त्याची उत्तरे आज वाचताना हसू येते, पण एक उत्तर लक्षात राहते: हुतात्म्यांच्या अंगावरचे व्रण राहतील, कारण तिथे त्यांना कुरूपता न राहता शोभा आलेली असेल.

या विचाराचे सर्वांत प्रभावी चित्र एका दवाखान्यासाठी काढले गेले. आल्झासमधील इझेनहाइम येथे संत अँथनीच्या मठात राय धान्यावरील बुरशीच्या विषबाधेने पीडित रोग्यांची सेवा होई. त्यांची कातडी जळल्यासारखी होई, हातपाय सडत, पुष्कळदा कापावे लागत. मातियास ग्रूनेवाल्ड याने १५१२ ते १५१६ या काळात मठाच्या वेदीसाठी चित्रफलक रंगवले. बाहेरच्या फलकावर क्रूसावरचा येशू आहे: हिरवट त्वचा, सर्वांगावर फोड, वेडीवाकडी झालेली बोटे. रोग्याला त्यात आपलाच देह दिसावा. सणाच्या दिवशी हे फलक उघडले की आत पुनरुत्थित येशू दिसे. पिवळ्या-केशरी तेजाच्या प्रचंड गोलात तो वर उचलला गेला आहे. अंग नितळ आहे, फोडांचा मागमूस नाही, खिळ्यांच्या आणि भाल्याच्या जखमा तेवढ्या राहिल्या आहेत आणि त्यांतून उजेड बाहेर पडतो. हे फलक आज कोल्मार येथील संग्रहालयात आहेत.

ख्रिस्ती कालगणनेवर या घटनेचा ठसा दर आठवड्याला उमटतो. पहिले अनुयायी यहुदी, त्यांचा पवित्र दिवस शनिवारचा शब्बाथ. तरीही ते आठवड्याच्या पहिल्या दिवशी भाकर मोडण्यासाठी जमू लागले. ११२ च्या सुमारास बिथुनियाचा सुभेदार प्लिनी सम्राट त्राजानला कळवतो, की हे लोक ठरावीक दिवशी पहाटेपूर्वी जमून ख्रिस्ताची स्तोत्रे गातात. कॉन्स्टंटाइनने ३२१ साली रविवारी न्यायालये आणि शहरांतील कामे बंद ठेवण्याचा हुकूम काढला, शेतकऱ्यांना मात्र सूट दिली. जगभरची रविवारची सुट्टी तिथवर मागे जाते.

वार्षिक सण कोणत्या दिवशी पाळावा यावर दुसऱ्या शतकातच भांडण पेटले. आशिया मायनरमधील मंडळ्या यहुदी वल्हांडणाच्या महिन्याचा चौदावा दिवस धरत, मग वार कोणताही असो. रोम रविवारवर अडून बसले. ३२५ च्या नायसियाच्या धर्मसभेने सर्वांनी एकाच रविवारी सण पाळावा असे ठरवले. रूढ नियमानुसार वसंत संपातानंतरच्या पौर्णिमेनंतरचा रविवार म्हणजे ईस्टर; म्हणून तो २२ मार्च ते २५ एप्रिल या दरम्यान सरकत राहतो. ऑर्थोडॉक्स चर्च जुन्या ज्युलियन पंचांगाने हिशेब करत असल्याने त्यांचा सण बहुधा उशिरा येतो; २०२५ मध्ये दोन्ही २० एप्रिलला एकत्र आले. नायसियाच्याच सभेने रविवारी आणि ईस्टरनंतरच्या पन्नास दिवसांत गुडघे टेकून प्रार्थना करू नये, उभ्याने करावी, असाही नियम केला. उठलेल्यांची उपासना उभ्यानेच व्हायला हवी, हा त्यामागचा भाव. आज पश्चिमेकडे हा नियम बहुतेकांना ठाऊकही नाही.

कॅथलिक चर्चमध्ये ईस्टरची मुख्य उपासना शनिवारी रात्री होते. मधल्या शतकांत ती सरकत सरकत शनिवारी सकाळी होऊ लागली होती आणि भर उन्हात अंधाराची गीते म्हटली जात; पोप पायस बारावे यांनी १९५१ पासून ती पुन्हा रात्री आणली. चर्चबाहेर अग्नी पेटवतात, मोठ्या पास्का मेणबत्तीवर क्रूस, आल्फा-ओमेगा ही ग्रीक अक्षरे आणि चालू वर्षाचे आकडे कोरतात, तीत धुपाचे पाच दाणे बसवतात. मग काळोख्या चर्चमध्ये त्या एका ज्योतीवरून सर्वांच्या मेणबत्त्या लागतात. वाचनांत सृष्टीची निर्मिती असते आणि तांबड्या समुद्रातून इस्राएलींची सुटका तर असतेच. उपवासकाळात म्हटला न गेलेला आलेलुयाचा घोष पुन्हा होतो आणि नव्या लोकांना बाप्तिस्मा दिला जातो. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर ही उपासना वसईसारख्या भागात मराठीत होऊ लागली. पण पुनरुत्थानाची कथा मराठीत त्याच्या कितीतरी आधी आली होती. इंग्लंडहून गोव्यात आलेले जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांनी सुमारे अकरा हजार ओव्यांचे ‘क्रिस्तपुराण’ रचले आणि ते १६१६ साली रायतूर येथे छापले गेले. त्याच्या दुसऱ्या भागात येशूचे चरित्र आहे, आणि ते कबरेपाशी न थांबता पुढे जाते.

आधुनिक काळात प्रश्न इतिहासाच्या बाजूने आला. शिष्यांनीच प्रेत चोरले ही अफवा मत्तयच्या शुभवर्तमानातच नोंदलेली आहे. जर्मन विद्वान रायमारुस यांनी तिला शास्त्रीय रूप दिले, आणि त्यांच्या मृत्यूनंतर लेसिंग यांनी १७७४ ते १७७८ दरम्यान ते लेखन प्रसिद्ध केले. १८३५ मध्ये डाविट फ्रीडरिश श्ट्राउस यांनी कपटाऐवजी दृष्टान्ताचा आधार घेतला: शिष्यांना येशू दिसला तो त्यांच्या मनात. रुडोल्फ बुल्टमान यांनी १९४१ मध्ये मांडले, की पुनरुत्थान म्हणजे क्रूसाचा अर्थ शिष्यांना उमगणे. ख्रिस्त आज उपदेशाच्या शब्दात जिवंत आहे. याला सर्वांत विस्तृत उत्तर इंग्लंडचे एन. टी. राइट यांच्या २००३ च्या ग्रंथात मिळते. पहिल्या शतकातील यहुदी माणूस मनातल्या अनुभवाला पुनरुत्थान म्हणालाच नसता, त्यासाठी रिकामी कबर आणि भेटी दोन्ही लागतात, असा त्यांचा मुद्दा आहे. यहुदी विद्वान पिंखास लापिडे यांनी तर येशूला मसीहा न मानताही त्याचे उठणे खरे घडले असे म्हटले. श्रद्धेच्या ठरीव चौकटी त्यामुळे गोंधळून गेल्या. शिष्यांना येशू भेटल्याची खात्री पटली होती आणि ती फार लवकर पटली होती, इथपर्यंत इतिहासाची साधने नेतात. देवाने उठवले, हे वाक्य त्या साधनांच्या आवाक्यात येत नाही, आणि ते तसे आणू पाहणारे दोन्ही बाजूंचे वकील थोडे जास्तच बोलतात.

श्रद्धावानाच्या दृष्टीने या वादातली कळीची जागा जुनीच आहे. पुनरुत्थान फक्त अंतरीचा अनुभव असेल तर देह, पृथ्वी, अन्याय यांचे काय? दुसऱ्या महायुद्धात युद्धकैदी म्हणून दिवस काढलेले युर्गेन मोल्टमान यांनी १९६४ च्या आपल्या ग्रंथात पुनरुत्थानाची आशा भविष्याकडे वळवली. देव जग नवे करणार असेल तर आजच्या मरणाच्या व्यवस्थेशी जुळवून घेणे ख्रिस्ती माणसाला शोभत नाही, असे ते म्हणतात.

अंत्यसंस्कारात ही शिकवण डोळ्यांना दिसते. रोमन लोकांत दहन रूढ असताना ख्रिस्ती लोक पुरत राहिले, ख्रिस्ताला पुरले म्हणून. एकोणिसाव्या शतकात युरोपात दहनाचा पुरस्कार करणाऱ्यांपैकी काहींनी त्याला पुनरुत्थान नाकारण्याची खूण बनवले, तेव्हा १८८६ मध्ये रोमने दहनाला बंदी केली. १९६३ मध्ये ती उठली: श्रद्धा नाकारण्याचा हेतू नसेल तर दहन चालेल, पसंती मात्र दफनालाच. मुंबईसारख्या शहरात जागेअभावी कबरी काही वर्षांनी पुन्हा वापरल्या जातात आणि अस्थी भिंतीतल्या कोनाड्यांत ठेवल्या जातात, त्यामुळे तिथे हा प्रश्न रोजच्या व्यवहाराचा आहे. २०१६ मध्ये व्हॅटिकनने सांगितले, की रक्षा दफनभूमीत किंवा चर्चच्या पवित्र जागी ठेवावी. ती नदीत वा वाऱ्यावर सोडू नये, वाटून घेऊ नये, तिचे दागिने करू नयेत. मृत्यू म्हणजे निसर्गात विरून जाणे किंवा पुनर्जन्माच्या फेऱ्यातला एक टप्पा असा समज त्यातून होऊ नये, हे कारण त्यात दिले आहे. २०२३ अखेर रक्षेचा थोडा अंश मृताला प्रिय असलेल्या जागी ठेवण्याची मोकळीक मिळाली. ऑर्थोडॉक्स चर्च दहनाला सहसा संमती देत नाही. प्रोटेस्टंट पंथांत हा निर्णय बहुधा कुटुंबावर सोपवलेला असतो.